सांडीखालची माती

धाराशिव जिल्हा पाण्याच्या बाबतीत माथ्यावर बसलेला आहे. बालाघाटच्या रांगेवर पडलेला पाऊस इथे फार थांबत नाही. कळंब-वाशीकडचा मांजरेत उतरतो, तेरकडचा तेरणेतून पुढे मांजरेलाच मिळतो आणि गोदावरीची वाट धरतो. भूम-परंड्याचा ढाळ सीनेकडे, तुळजापूर-नळदुर्गचा बोरीकडे. या दोन्ही नद्या भीमेला मिळणाऱ्या. सीना आणि मांजरा जिल्ह्याच्या कडेकडेने जातात, पोटातल्या नद्या लहान आणि पावसाळी. वर्षाचा सात-आठशे मिलिमीटर पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो, आणि उरलेले आठ महिने त्याच्या आठवणीवर काढायचे असतात.

अशा मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवण्याचेच काम चालत आले. किल्ल्याचा बंधारा, गावतळे, शेताचा बांध, पाझर तलाव, सिमेंटचा नालाबांध, रस्त्याची मोरी. यांपैकी बहुतेकांचा इतिहास कुठे ना कुठे नोंदलेला सापडतो: कुणी बांधले, किती पैसा लागला, किती पाणी साठले. अडवलेले पाणी भरून झाल्यावर ते ज्या तोंडातून बाहेर पडते, त्या तोंडाखालच्या चार-सहा हात जागेचा इतिहास मात्र फारसा कुणी लिहिलेला नाही. जिल्ह्याची माती पुष्कळदा गेली ती याच जागेवरून.

सुरुवात नळदुर्गपासून करावी लागते.

नळदुर्गचा किल्ला बोरी नदीच्या वळणावर, काळ्या पाषाणाच्या माथ्यावर उभा आहे. नदीपलीकडे रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, इ.स. १६१३ मध्ये, मीर इमादीन या स्थपतीने दोन्ही किल्ल्यांच्या मध्ये बोरी अडवणारी दगडी भिंत घातली आणि त्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल काढला. भिंतीवरून जादा पाणी जाण्यासाठी दोन सांडवे ठेवले. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आज वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहू लागले की हे दोन्ही धबधबे सुरू होतात. सोलापूर, लातूर, अगदी हैदराबादकडूनही माणसे बघायला येतात. महालाच्या खिडकीत उभे राहिले की पाणी समोरून खाली झेपावत असते आणि आतला माणूस कोरडा राहतो. कौतुक होते ते याचेच.

कौतुक रास्त आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते. एवढ्या उंचीवरून चारशेहून अधिक वर्षे पाणी कोसळत आले आणि भिंतीचा पाया उघडा पडला नाही, याचे श्रेय चुन्याइतकेच खालच्या दगडाला आहे. १८५३ च्या तहाने निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा फिलिप मेडोज टेलर इथला डेप्युटी कमिशनर होऊन आला आणि किल्ल्यातच राहिला. त्याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्याने या किल्ल्याखालच्या बेसाल्टच्या सरळ तुटलेल्या कड्यांचे आणि त्यांतल्या खांबांसारख्या रचनेचे वर्णन केले आहे. नर-मादीचे पाणी अशा खडकाच्या मुलखात पडते. तोच सांडवा दोन-चार मैल पुढे, बोरीकाठच्या काळ्या रानात काढला असता, तर खाली डोह खणला गेला असता, डोहाचा काठ दर पावसाळ्याला मागे सरकत भिंतीच्या बुडाशी आला असता आणि पाणीमहालाची गोष्ट कधीच संपली असती. जागा निवडणाऱ्याने पाणी कुठे अडेल हे पाहिले, तसेच ते कुठे पडेल हेही पाहिले असले पाहिजे. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. पुढे जिल्ह्याचे ठाणेही नळदुर्गहून धाराशिवला हलले. भिंत आणि तिचे सांडवे होते तिथेच राहिले.

किल्ल्याला खडक मिळाला, शेताला तो कुठून मिळणार? जिल्ह्यातली जमीन वरून खाली पाहिली तर थर ठरलेले दिसतात. वर काळी माती, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळट माती, मग मुरूम, मग खडक. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. उन्हाळ्यात या भेगांत हात सहज जातो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी आधी भेगांत शिरते आणि आतल्या आत वाट काढते. म्हणून इथला बांध कधी कधी वरून न फुटता बुडातून फुटतो. आधी उंदराच्या बिळाएवढे भोक दिसते, तासाभरात त्याचे भगदाड होते.

जुन्या शेतकऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. बांध घालताना जादा पाण्याची वाट म्हणून ते बांधाला सांड ठेवत. शक्य तिथे ती मातीच्या भरावात न ठेवता बांधाच्या टोकाला, मुरूम किंवा खडक उघडा पडला असेल अशा ठिकाणी घेत. तोंडाला चपटे दगड एकावर एक रचत, खालच्या बाजूला दगडांचाच उतार करत, आणि भोवती हरळी माजू देत. एरवी शेतातली हरळी काढता काढता कुणब्याची कंबर मोडते, पण सांडीतली हरळी कुणी उपटत नसे. बांधावर घायपात लावायची तीही याच हिशेबाने. पावसाळ्याआधी बांध बघून यायचे म्हणजे मुख्यतः सांड बघून यायची.

सांड कुणाच्या रानात उघडायची, यावरून भावकीत डोकी फुटली आहेत. वरच्याचे पाणी खालच्याने घ्यायचे हा रिवाज सगळ्यांना मान्य. भांडण असे ते पाणी कसे घ्यायचे यावरून. रानभर पसरून येणारे पाणी खालचा शेतकरी मुकाट्याने घेतो, कारण ते ओलावा देऊन जाते. तेच पाणी वरच्याने एका तोंडातून सोडले की खाली घळ पडते, आणि पडलेली घळ दरवर्षी वरच्या बाजूला वाढते.

बांध घालणे हे सरकारी काम झाले ते विसाव्या शतकात, आणि तेही जिल्ह्याच्या सीमेपलीकडे आधी. सोलापूर मुंबई इलाख्यात होते, धाराशिव निजामाच्या राज्यात. सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे आणि विजापूरला ना. वि. कानिटकर यांच्या नेतृत्वाखाली पाऊस किती पडतो, त्यातला किती वाहून जातो आणि जाताना किती माती नेतो, याची मोजमापे झाली. समपातळीवर बांध घालायचे, पाणी रानातच मुरवायचे, ही पद्धत पुढे आली. १९४२ मध्ये मुंबई सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि बांधबंदिस्तीला सरकारी यंत्रणा मिळाली. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि बार्शी-मोहोळच्या माळांवर घडलेली पद्धत बालाघाटच्या या बाजूला मोठ्या प्रमाणावर पसरली.

मग १९७२ चा दुष्काळ आला. सुकडी आणि तांबड्या मिलोवर दिवस काढत माणसांनी खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलावांचे भराव घातले, नाले बांधले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी याच दुष्काळात राज्यभर उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या कामांनी माणसे जगली. त्यापुढे दुसऱ्या कुठल्याही हिशेबाला कमी दर्जा द्यावा लागतो. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. दुष्काळी काम मोजले जाते ते खोदलेल्या आणि टाकलेल्या मातीवर. हजेरीपटावर घनमीटर येतात. सांडव्याची दगडबांधणी, त्याच्या पायथ्याचा फरशीबंद उतार, हे कुशल आणि सिमेंट लागणारे काम; मजुरी आणि साहित्याच्या प्रमाणात ते बसवणे कठीण. भराव पूर्ण होई, त्याचा पाय मात्र पुढच्या मंजुरीसाठी राही, आणि मंजुरीच्या आधी पाऊस येई.

खोल काळ्या रानात तर समपातळी बांधच अंगाशी आले. पाणी मुरायला वेळ लागे, बांधामागे ते तुंबून राही, रान चिबडे आणि तूर पिवळी पडे. मग एखाद्या रात्री शेतकरी कुदळ घेऊन जाई आणि बांधाला खांड पाडून येई. त्या खांडीला दगड नाहीत, हरळी नाही, खाली मुरूम नाही. पाणी थेट शेजाऱ्याच्या नांगरटीवर. जिल्ह्यात आज ज्या घळींना लोक ओढा म्हणतात, त्यांतल्या काहींची सुरुवात अशा खांडींपासून झाली आहे. तज्ज्ञांनीही पुढे खोल काळ्या जमिनीसाठी बांधाला थोडा ढाळ देऊन पाणी गवत लावलेल्या नालीतून बाहेर काढण्याची शिफारस केली. तोवर समपातळी बांध घातले गेले होते.

दुसरी मोठी उलथापालथ रस्त्यांनी आणि रुळांनी केली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला आली आणि १९११ मध्ये येडशी, ढोकीमार्गे लातूरला पोहोचली. सोलापूर-हैदराबाद रस्ता नळदुर्ग-उमरग्यावरून जातो. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य याच रस्त्याने निजामाच्या हद्दीत शिरले, तेव्हा नळदुर्गजवळचा बोरीवरचा पूल शाबूत हाती लागणे किती मोलाचे ठरले, हे त्या मोहिमेच्या इतिहासात नोंदलेले आहे. नदीवरच्या पुलाला असा इतिहास लाभतो. त्याच रस्त्याखालच्या शेकडो मोऱ्यांना लाभत नाही. माळावरून पसरून येणारे पाणी रस्त्याच्या किंवा रुळाच्या भरावाशी येऊन अडते, भरावाच्या कडेने धावत मोरी गाठते आणि पलीकडे एका धारेने बाहेर पडते. अर्ध्या शिवारावर विभागलेले पाणी दोन हात रुंदीच्या तोंडात आले. खालच्या रानाने असे पाणी पूर्वी पाहिलेले नव्हते.

मोरी दगडी कमानीची होती तोवर एक मर्यादा होती. कमान बांधायला गवंडी लागे, पायासाठी खडक शोधावा लागे, आणि गवंडी तळाला फरशीही बसवून देई. ही मर्यादा सिमेंटच्या नळ्यांनी काढून टाकली. ऑस्ट्रेलियात वॉल्टर ह्यूम यांनी १९१० मध्ये साचा वेगाने फिरवून त्यात काँक्रीट दाबून बसवण्याची रीत काढली. तिच्यातून निघणारा नळा पातळ, गुळगुळीत आणि मजबूत. भारतात ही रीत आणली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. त्यांनी १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी सुरू केली. पुढच्या काळात या नळ्यांनी खेड्यांचे रस्ते बदलले. खंदक खणायचा, नळे ओळीने मांडायचे, वर मुरूम ओढायचा, आणि दोन दिवसांत नळकांडी पूल तयार. पावसाळ्यात तुटणारी वस्ती शाळेला आणि दवाखान्याला जोडली गेली. धाराशिवच्या वाडीतांड्यांवर या नळ्यांचे उपकार आहेत, हे आधी म्हणूनच पुढचे म्हणायला हवे. नळा जितका गुळगुळीत, तितके पाणी त्यातून वेगाने सुटते, आणि मांडायला जितका सोपा, तितका त्याच्या तोंडापुढचा भाग तसाच सोडून देण्याचा मोह मोठा.

या तोंडापुढे काय होते ते जवळून बघण्यासारखे आहे. भरावामागे पाणी नळ्याच्या तोंडापेक्षा एक मीटर जास्त चढले, तर ते बाहेर पडताना सेकंदाला चार मीटरच्या आसपास वेग घेते. साध्या मातीला सेकंदाला एक मीटरच्या आतबाहेरचाच वेग सोसतो, असे कालवे बांधणारे इंजिनीअर धरून चालतात. पहिल्या सरीतच नळ्यापुढे परातीएवढा खळगा पडतो. धार खळग्याच्या तळाला आपटून वर उसळते, दोन्ही अंगांना भोवरे फिरतात आणि कडांची माती खालून पोखरतात. वरची काळी ढेकळे वजनाने आत कोसळतात, पाण्यात विरघळतात आणि निघून जातात. खड्डा पहिल्या एक-दोन पुरांत झपाट्याने खोल होतो, मग त्याची गती मंदावते. पाणी जितके खोल तितका धारेचा मार मऊ होतो म्हणून. खड्ड्यातून निघालेला माल पुढे वजनाप्रमाणे पडत जातो: लगेच पुढे मुरूम आणि चुनखडीच्या खड्यांची उंचवट्यासारखी रास, तिच्या पुढे वाळू. पिकाला जी हवी ती बारीक काळी माती थांबतच नाही. ती ओढ्यातून नदीला आणि नदीतून तलावाच्या तळाला जाते.

खालच्या ओढ्यात आधीच पाणी असेल तर धार त्या पाण्यात शिरून बरीचशी विझते. धाराशिवच्या ओढ्यांत ते क्वचितच असते. नाला कोरडा ठणठणीत, वर माळावर ढग फुटलेला, आणि लोंढा नळ्यातून थेट उघड्या मातीवर. वर्षातला सर्वांत मोठा घाव बहुधा असाच बसतो. पुढे खड्ड्याची मागची कड नळ्याखाली शिरते. शेवटचा नळा आधाराविना लोंबकळतो, जोड उकलतो, पाणी सांध्यातून भरावात घुसते, आणि एका सकाळी रस्ता खचलेला सापडतो. वर्तमानपत्रात बातमी येते, 'नळकांडी पूल वाहून गेला.' पूल वाहून जायला तीन-चार पावसाळे लागलेले असतात.

या खणतीचे शास्त्र नवे नाही, आणि त्यातला मोठा भाग इथल्या नद्या-कालव्यांवरच घडला. उत्तर हिंदुस्थानच्या कालव्यांवर काम केलेल्या जेरल्ड लेसी यांनी १९३० मध्ये नदी आपला तळ किती खोल खणेल याचे सूत्र मांडले. आपले पूल बांधणारे आजही त्याच्या आधाराने पाया किती खोल न्यायचा ते ठरवतात. पुण्याजवळ १९१६ मध्ये सुरू झालेले आणि पुढे खडकवासल्याला गेलेले जलसंशोधन केंद्र क्लॉड इंग्लिस यांनी नावारूपाला आणले. कालव्याच्या धबधब्याखाली पाण्याची ताकद कशी मारायची, त्याला उसळी घ्यायला लावून जागच्या जागी कसे थकवायचे, यावर तिथे प्रतिकृती बांधून काम झाले. लेसींच्या सूत्राचा सरळ हिशेब असा निघतो: दहा मीटर रुंद नाल्याचे पाणी अडीच मीटरच्या तोंडांतून काढले, तर दर मीटर रुंदीमागे पाणी चौपट होते आणि तळाची खणती सुमारे अडीच पट खोल जाते. सूत्र वाळूच्या नद्यांसाठी आहे, काळ्या मातीत आकडा थोडा इकडेतिकडे होईल. दिशा तीच राहते. मोठ्या धरणाच्या सांडव्याखाली यासाठी काँक्रीटचे कुंड बांधतात, त्याची स्वतंत्र चाचणी घेतात. सहाशे-नऊशे मिलिमीटरच्या नळ्याला निसर्गाचा नियम तोच लागू होतो, फक्त त्याच्यासाठी चाचणी घ्यायला कुणी बसत नाही.

अलीकडच्या वर्षांत आधी खोदाईने आणि मग पावसाने हा हिशेब ठळक केला. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झाले. यंत्रांनी नाले रुंद आणि खोल झाले, विहिरींना पाणी आले आणि टँकरने गांजलेल्या गावांना हायसे वाटले. नाला खोल केला की त्याला मिळणाऱ्या लहान ओहोळांचे तोंड मात्र अधांतरी राहते. वरच्या शेतातून येणारा पाइप पूर्वी नाल्याच्या तळाशी उघडत होता, तो आता तळाच्या पुरुषभर वर उघडतो. नालाखोलीकरणाच्या ठिकाणी मुख्य नाल्याचे बांध नीट राहतात, पण कडेच्या या तोंडांखाली काठ दातऱ्या पडल्यासारखे कोरले जातात. अर्थतज्ज्ञ ह. मो. देसरडा यांनी या खोदाईला उच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा वाद भूजलावर आणि खोदाईच्या अशास्त्रीयपणावर रंगला. कडेच्या तोंडांचा विषय त्या गलक्यात मागे राहिला. तोही तितकाच गंभीर होता.

ऑक्टोबर २०२० च्या मध्यावर तुळजापूर, लोहारा, उमरगा भागात अतिवृष्टी झाली. काढणीला आलेले सोयाबीन गेले, आणि कित्येक ठिकाणी सोयाबीनच्या खालची जमीनही गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये पाळी परंडा, भूम, वाशी, कळंबची होती. सीना आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांनी गावे वेढली, हेलिकॉप्टरने माणसे काढावी लागली. एवढ्या पावसात कुठलाच बांध आणि कुठलीच मोरी पुरी पडत नाही, हे मान्य. पण पूर ओसरल्यावर रान फिरून पाहणाऱ्याला दिसते की जमीन सगळीकडे सारखी खरडलेली नसते. जिथे पाणी पसरून गेले तिथे गाळ बसला आहे. जिथे ते फुटक्या बांधातून, तुंबलेल्या नळ्यावरून, रस्त्याच्या खचलेल्या भागातून एकवटून गेले, तिथे मुरूम उघडा पडला आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलेल्या मदतीत खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपये धरले. रक्कम आजवरच्या मानाने मोठी आहे. तिच्याने काय भरून येईल, हे ब्रासात मोजून बघावे. एक हेक्टर रान एक फूट खरडले तर तीन हजार घनमीटरांवर माती जाते, म्हणजे हजाराहून अधिक ब्रास. साडेतीन लाखांच्या आतबाहेरच्या रकमेतून ब्रासला सव्वातीनशे रुपये येतात. तेवढ्यात माती उकरायची, भरायची, आणायची आणि पसरायची. शिवाय आणायची कुठून? २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांचा गाळ शेतात टाकला जातो. कोरड्या तलावातून गाळाच्या ट्रॉल्या रांगेने चढतात तेव्हा वरच्या माळांची, वरच्या सांडींखालची माती डिझेल जाळून परत आणली जात असते. आणलेल्या गाळातून पीक चांगले येते, यात शंका नाही. पण तलावाच्या वर, दोन-तीन किलोमीटरांवर, ज्या तोंडांखालून ती माती आली ती तोंडे तशीच उघडी असतात.

कायद्याने हा प्रश्न अर्धाच पाहिला आहे. १९०६ च्या मामलेदार कोर्ट ॲक्टच्या कलम ५ खाली शेतकरी तहसीलदाराकडे जाऊ शकतो: शेजाऱ्याने पाण्याची नैसर्गिक वाट अडवली, त्यामुळे माझ्या रानाचे नुकसान होते, अडथळा काढून द्या. तहसील कचेरीत रस्त्याच्या वादांच्या जोडीने असे अर्ज येतात. पंचनामा होतो, नकाशा मांडला जातो, बुजवलेली मोरी उघडायचा आदेश निघतो. कलम अडथळ्याचे आहे, धारेचे नाही. पाणी अडवले तर तहसीलदार झटपट निकाल देऊ शकतो. तेच पाणी एकवटून खालच्याच्या रानावर सोडले आणि तिथे पुरुषभर खड्डा पडला, तर त्याला दिवाणी दाव्याची लांब वाट धरावी लागते. शेजाऱ्याऐवजी रस्त्याच्या मोरीने खड्डा पाडला असेल, तर अर्ज कोणत्या खात्याकडे द्यायचा इथून सुरुवात. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामचा, हे ठरेपर्यंत आणखी एक पावसाळा जातो.

म्हणून बहुतेक शेतकरी कुठे जात नाहीत. वेचणीचे दगड ट्रॉलीत भरतात आणि खड्ड्यात ओततात. हा उपाय दोन-तीन मोठ्या पावसांत निकामी होतो. मोठ्या दगडांच्या फटींतून पाणी खालची माती ओढून नेते आणि दगड एकेक करून खड्ड्याच्या तळाला बसतात. दगड टिकवायचे असतील तर आधी खड्डा भरून तळाला वाळू आणि बारीक खडीचा थर द्यावा लागतो, म्हणजे पाणी जाईल पण माती निघणार नाही. त्यावर दगड उभे, एकमेकांत अडकवून बसवायचे. नळ्याच्या व्यासाच्या किमान पाच-सहा पट लांबीपर्यंत हे सोलिंग न्यायचे, पुढे जाताना ते रुंद करायचे, म्हणजे धार पंख्यासारखी पसरते. सोलिंगच्या शेवटच्या टोकाला जमिनीत दोन-अडीच फूट खोल रोवलेली आडवी भिंत हवी, नाहीतर खणती खालून मागे येते. दगड लहान असतील तर तारेच्या जाळीत बांधायचे. कडांना वाळा लावायचा. त्याची मुळे खोल जातात आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. लहान नळ्याला हे काम दोन-तीन माणसांचे, आठवडाभराचे. नाला कोरडा असतो तेव्हा, एप्रिल-मे मध्ये, आणि दगड तर धाराशिवच्या माळावर पावलोपावली पडलेला आहे.